यंत्राशी गप्पा वाढल्या तर माणसामाणसांतला संवाद कसा बदलेल?

प्रश्न: मोबाइलमधल्या कृत्रिम सोबत्याशी तासन्‌तास बोलणारी माणसे आता आपल्याही घरांत दिसू लागली आहेत. कधीही न रागावणाऱ्या श्रोत्याची सवय जडलेल्या पिढीला रुसवा काढणे, वाट पाहणे, नकार पचवणे जमेल का, याची मला मनापासून चिंता वाटते.

प्रतिसाद १: ही ओढ नवी नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाम यांनी ‘एलायझा’ हा संवाद साधणारा प्रोग्रॅम मांडला. तो समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्न विचारत असे. तरीही त्यांच्या सचिव महिलेने, तो कसा तयार झाला हे ठाऊक असूनही, त्याच्याशी बोलू लागल्यावर थोड्याच वेळात वायझेनबाम यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले, जणू ते बोलणे खासगी होते. आजचे प्रोग्रॅम तर मागचे बोलणे लक्षात ठेवतात.

प्रतिसाद २: सरसकट भीती मला पटत नाही. जपानमध्ये तयार झालेला, सीलच्या पिल्लासारखा दिसणारा ‘पारो’ हा यंत्रमानव स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या सोबतीला ठेवतात आणि त्याला कुरवाळण्याच्या निमित्ताने शेजारी बसलेले वृद्ध एकमेकांशी बोलू लागतात, असे अभ्यासांत दिसले आहे. यंत्र निमित्त ठरते की पर्याय, हा खरा प्रश्न आहे.

प्रतिसाद ३: आणि ते ठरवणार कोण? वापराच्या वेळेवर कमाई करणारी कंपनी ‘आता फोन ठेव, आईशी बोल’ असे सांगणारा सोबती कशाला बनवेल? परीक्षेच्या ताणात माझ्या भाचीला मध्यरात्री त्याच्याकडून धीर मिळाला, हे मी नाकारत नाही. पण ती रडत होती, हे घरात कोणाला कळलेच नाही. शाळकरी मुलांसाठी तरी कायद्याने वेळेची मर्यादा घालावी, असे माझे ठाम मत आहे.