मदत हवी आहे: घरातल्या जुन्या भांड्यांचं छोटं संग्रहालय करायचंय

नमस्कार मंडळी,

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराची पुढची खोली रिकामी झाली आहे. माळ्यावरची भांडी तिथे मांडून सगळ्यांसाठी खुली करायची इच्छा आहे. बंब, घंगाळ, सोऱ्या, अडकित्ते आणि पणजीच्या लग्नातली पातेली. त्यांच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं तिचं नाव अजून स्पष्ट वाचता येतं.

लोक येतील का, असं घरचे विचारतात. मला वाटतं, नक्की येतील. पुण्यात दिनकर केळकरांनी मुलाच्या स्मरणार्थ उभ्या केलेल्या संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवे बघायला आजही लोक जातात. अहमदाबादला विशाला या उपाहारगृहाच्या आवारात 1981 पासून नुसत्या भांड्यांचं 'वेचार' नावाचं संग्रहालय आहे. आपल्या सयाजीबागेतल्या संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा मुलांना आवडतोच, पण सोऱ्या दिसला की आजीच पुढे होऊन सांगायला लागते. ते मला फार मोलाचं वाटतं.

अडचण स्वच्छतेची आहे. चिंचेने पितळ लखलखतं, पण घासून घासून नावं पुसट होतील अशी भीती वाटते. पावसाळ्यात तांब्यावर हिरवट थर चढतो, तो कसा काढावा? शिवाय सोऱ्यासारख्या वस्तू मुलांच्या हातात द्यायच्या आहेत. तुटफूट होऊ नये म्हणून काय करावं? नोंदवहीत कोणते रकाने हवेत?

म. स. (महाराजा सयाजीराव) विद्यापीठाच्या म्युझियॉलॉजी (संग्रहालयशास्त्र) विभागात शिकलेलं कुणी ग्रुपवर असेल तर कृपया मेसेज करा. दिवाळीच्या सुट्टीत काम सुरू करायचं आहे.