दोन व्हायब्रेशन लॉगरांची वेळ जुळत नाही, टीसीएक्सओ (तापमानाचा परिणाम भरून काढणारा ऑसिलेटर) घेऊ का?

कंपनमापी:
पुलाच्या दोन गाळ्यांवर एकेक लॉगर आहे. एसटीएम३२एफ४०७ मायक्रोकंट्रोलरला ८ मेगाहर्ट्झचा साधा क्रिस्टल, एडीएस१२५६ला (सिग्नलचे आकडे करणारा एडीसी) स्वतःचा ७.६८ मेगाहर्ट्झचा, सेकंदाला १०० नमुने. वेळ एकत्र लावली तरी चोवीस तासांत १.४ सेकंदांचा फरक पडतो, दुपारच्या उन्हात आणखी भरभर. मोड शेपसाठी (पूल कुठे किती आणि कोणत्या दिशेने हलतो त्याचा आकार) ५ हर्ट्झला फेज ५ अंशांच्या आत हवी. टीसीएक्सओने भागेल का? निओ-एम८एन जीपीएस हाताशी आहे.

सर्किटकट्टा:
नुसत्या टीसीएक्सओने नाही भागणार. तुमचा फरक १६ पीपीएमचा (दहा लाखांत १६ भाग), म्हणजे ±२० पीपीएमच्या दोन क्रिस्टलांत अगदी अपेक्षित. ५ हर्ट्झला १ मिलिसेकंद म्हणजे १.८ अंश, त्यामुळे तुम्हाला सुमारे २.८ मिलिसेकंदांच्या आत राहायला हवं. ±०.५ पीपीएमचे दोन टीसीएक्सओ उलट दिशांना सरकले तर दिवसाला ८६ मिलिसेकंद जातात. जीपीएसचा पीपीएस (दर सेकंदाला येणारा अचूक पल्स) लागणारच. जिटरची (घड्याळाच्या ठोक्यांची बारीक थरथर) चिंता मात्र इथे सोडा: १०० हर्ट्झच्या सिग्नलला १ नॅनोसेकंद जिटर असला तरी त्यामुळे येणारी एसएनआरची (सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर) मर्यादा १२४ डेसिबल आहे.

पल्सवाला:
घड्याळ ओढून सरळ करत बसू नका, ते किती चुकतंय ते मोजा. पीपीएस टिम२ या टायमरच्या चॅनल १ला (पीए० पिन), एडीसीचा डीआरडीवाय (नमुना तयार झाल्याची खूण देणारी पिन) चॅनल २ला (पीए१, फॉलिंग एज), दोन्ही इनपुट कॅप्चरवर, म्हणजे एज येताच टायमर आपला आकडा टिपून ठेवतो. इंटरप्टमध्ये शिरून काउंटर वाचायचा नाही. दुसरा इंटरप्ट चालू असला की तेवढा उशीर वेळेत मिसळतो. कॅप्चर हार्डवेअरमध्येच होतं, ८४ मेगाहर्ट्झला १२ नॅनोसेकंदांच्या पायरीने.

दोन पीपीएसमध्ये ८,४०,०१,२६० टिक आले तर क्रिस्टल १५ पीपीएम जलद आहे. नमुन्याची वेळ = मागच्या पीपीएसचा सेकंद + (डीआरडीवाय − पीपीएस) ÷ त्या सेकंदाचे टिक. काउंटर ५१ सेकंदांनी उलटतो, पण ३२ बिट अनसाइन्ड वजाबाकीत ते आपोआप निभतं. एडीसीचा क्रिस्टल कसाही वाहो, प्रत्येक नमुन्याची खरी वेळ हातात असते. नंतर दोन्ही फाइली एकाच ग्रिडवर रिसॅम्पल करा. फिल्टरचा सुमारे ५ मिलिसेकंदांचा उशीर दोन्हीकडे सारखाच, तो फक्त निरपेक्ष वेळेसाठी वजा करायचा.

फसायची जागा सेकंदाच्या आकड्यात आहे. पल्सनंतर जीपीएसकडून येणारं आरएमसी वाक्य (तारीख-वेळेचा संदेश) होऊन गेलेल्या पल्सचं असतं, पुढच्या नव्हे. ९६०० बॉडच्या वेगाला जीएसव्हीसकट (उपग्रहांची यादी) सगळी वाक्यं चालू ठेवली तर ती पुढच्या सेकंदात सांडतात आणि अख्ख्या सेकंदाची चूक होते. फक्त आरएमसी ठेवा. कोल्ड स्टार्टनंतर (जीपीएस जुन्या माहितीशिवाय चालू झाल्यावर) लीप सेकंदांची (जीपीएस वेळ आणि यूटीसी यांतला फरक) माहिती मिळायला साडेबारा मिनिटांपर्यंत लागू शकतात. तोवरच्या यूटीसीवर भरवसा नको.

कंपनमापी:
एक लॉगर गर्डरखाली आहे, तिथे आकाश दिसत नाही. आणि फिक्स (जीपीएसची उपग्रहांवरची पकड) गेला तर?

पल्सवाला:
ॲक्टिव्ह अँटेना कठड्यावर आणि कोएक्स खाली. केबलचा उशीर मीटरला ५ नॅनोसेकंद, तुमच्या कामात शून्यच. अंतर फारच असेल तर जीपीएस वर ठेवून पीपीएस आरएस-४८५ ट्रान्सीव्हरने खाली आणा, उघड्या ३.३ व्होल्टच्या लांब तारेवर खोट्या एज येतात.

सर्किटकट्टा:
फिक्स गेल्यावर शेवटचा मोजलेला दर पुढे चालवा. मग उरते ती तापमानाने होणारी सरक, आणि टीसीएक्सओ कामी येतो तो इथे: ०.५ पीपीएमला तासाला १.८ मिलिसेकंद. सीमॉस आउटपुटचाच (पूर्ण व्होल्टेजचा चौकोनी सिग्नल) घ्या आणि एचएसई (एसटीएम३२ची बाहेरच्या घड्याळाची पिन) बायपासवर टाका. क्लिप्ड साइनवाला ०.८ व्होल्टच देतो, एचएसई पिनला तो थेट पुरत नाही. रेग्युलेटरपासून लांब बसवा.

क्रिस्टलच ठेवायचा तर लोड कपॅसिटर (क्रिस्टलच्या दोन्ही पायांवरचे) तपासा. १८ पिकोफॅरडच्या क्रिस्टलला, ४ पिकोफॅरड स्ट्रे (बोर्डाची स्वतःची कपॅसिटन्स) धरून, दोन्हीकडे २७ पिकोफॅरडचे एनपी० (तापमानाने न बदलणारे) कपॅसिटर येतात. आणि फ्रीक्वेन्सी बघायला प्रोब क्रिस्टलच्या पायावर लावू नका, प्रोबचे १० पिकोफॅरडच ती खाली ओढतात. एमसीओ पिनवर (चिप आपलं घड्याळ जिथे बाहेर देते) बघा.