टेरॅरियममध्ये कुठलं ऑर्किड टिकेल? (मुंबईची हवा)

बाल्कनीतलं_रान: नमस्कार मंडळी, माशांचा जुना टँक रिकामा पडलाय, दीड फूट बाय एक फूट, उंची सव्वा फूट. त्यात ऑर्किडचं टेरॅरियम, म्हणजे काचेच्या पेटीतली बाग, करायचं डोक्यात आहे. नर्सरीवाला म्हणतो फॅलेनॉप्सिस न्या, सगळ्यात सोपं. आणि व्हिडिओत ते नखाएवढ्या फुलांचे लेपँथेस, तसंच मॅस्डेव्हॅलिया ऑर्किड दाखवतात, बघून जीव जातो नुसता. एसी फक्त रात्री, तोपण उन्हाळ्यातच. काय घेऊ?

कोळसा_आणि_साल: नर्सरीवाला खोटं नाही बोलला, पण ते कुंडीत सोपं. फॅलेनॉप्सिसच्या पानांचा घेरच फूटभर जातो, दांडा आला की झाकणाला टेकणार. शिवाय ती मुळं झाडाच्या सालीवर उघडी राहणारी, वरचं पांढुरकं आवरण पाणी पितं आणि मग त्याला सुकायला वारा लागतो. बंद काचेत सुकतच नाही, हळूच ओढलं की साल हातात आणि आत नुसता दोरा, समजायचं मूळ गेलं.

लेपँथेस, मॅस्डेव्हॅलियाचा नाद सोडा. बहुतेक जाती अँडीजच्या ढगातल्या जंगलातल्या, रात्री 12-15 डिग्री मागतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पहाटेसुद्धा पारा 27 च्या खाली यायला तयार नसतो. एसी खोली गार करेल, पण दिवसाचं काय?

तुम्ही ज्वेल ऑर्किड घ्या, म्हणजे नक्षीदार पानांसाठी लावतात ती. लुडिसिया डिसकलर पहिलं. जंगलात खाली पालापाचोळ्यात वाढणारं, त्यामुळे कमी उजेड आणि दमट हवा दोन्ही चालतं. पान मखमली, काळपट मरून, त्यावर तांबूस रेघा, फुलं छोटी पांढरी येतात पण हे घ्यायचं पानासाठीच. फांदी तोडून ओल्या मॉसवर आडवी ठेवली तरी पेराला मुळं फुटतात. मॅकोडीस पेटोला जास्त देखणं, पानावर सोनेरी जाळी चमकते, पण ते नखरेल आहे, लुडिसिया जमलं की मग बघा.

सह्याद्री_भटक्या: एवढं विकत कशाला घ्यायचं भाऊ, आंबोलीकडे पावसाळ्यात ऑर्किडसकट फांद्या पडलेल्या असतात, एक उचलून टाका आत. फुकटात काम.

मंदा_ताई: भटक्या, असले सल्ले देऊ नकोस रे. राखीव जंगलातून परवानगीशिवाय काही उचलणं गुन्हा आहे, पडलेली फांदीसुद्धा, हे एक. आणि ते जगणार पण नाही. आपल्या घाटातली बरीच ऑर्किडं चार महिने भिजतात आणि पुढे कोरडी पडून राहतात, डेंड्रोबियम बार्बॅट्युलम तर पानं गाळून उघड्या काड्यांवर फुलतं. बारा महिने ओल्या काचेत त्याला तो कोरडा काळ मिळणार कुठून? सीतेची वेणी म्हणतात त्या ऑर्किडचे तुरे तर या टँकच्या उंचीएवढे लोंबतात. ती झाडावरच बघायची.

बाल्कनीतलं_रान: मग लुडिसियाच. खाली काय भरू? आणि झाकण पूर्ण बंद ठेवायचं का?

कोळसा_आणि_साल: नुसतं कोकोपीट नको, चिखल होतो. तळाला दोन बोटं लेका बॉल (भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या), त्यावर जाळी, मग कोकोपीट, परलाइट (पांढरे हलके खडे), कोळशाचे तुकडे आणि चाळलेलं पानांचं खत. झाकण बोटभर उघडं, शक्य असेल तर कॉम्प्युटरचा छोटा फॅन टायमरवर लावा, तो चालू असला की बुरशी बरीच कमी. सकाळी काचेवर पुसट धुकं आणि दुपारपर्यंत साफ, एवढीच ओल बरोबर. दिवसभर थेंब ओघळत असतील तर पाणी जास्त झालंय. उन्हात अजिबात ठेवायचं नाही, खिडकीतल्या उन्हात बंद काच तासाभरात झाडं शिजवते. एलईडी दहा-बारा तास पुरे.

मंदा_ताई: आणि घेताना खोड दाबून बघा, घट्ट हवं. कुठून आणलं तेही विचारा, ज्वेल ऑर्किडं जंगलातून उपटूनपण विकतात लोक. कटिंगवरून वाढवलेलं मिळत असेल तर तेच घ्या, एकसारखी छोटी रोपं दिसतात त्यांच्याकडे.

बाल्कनीतलं_रान: ताई, दादा, थँक्यू. शनिवारी दादरला चक्कर मारतो. फॅन मात्र जुन्या सीपीयूचा आहे, फार आवाज करतो, चालेल ना?

कोळसा_आणि_साल: ऑर्किडला चालेल, घरच्यांना विचारा 😄 बारा व्होल्टचा असेल तर पाच व्होल्टच्या चार्जरवर लावून बघा, फिरला तर हळू फिरतो आणि आवाज पण कमी.