‘आटोपशीर झालं’ ही दाद की तक्रार?

(धागा सुरू करणारी)

परवा शनिवारी इंदुरात देवलांच्या ‘संगीत शारदा’चा, म्हणजे म्हाताऱ्याशी लग्न ठरवलेल्या लहान मुलीच्या नाटकाचा, प्रयोग पाहिला. पुण्याहून आलेला नवा संच, मूळचं पाच अंकी नाटक दोन अंकांत बसवलेलं, मध्यंतर धरून अडीच तासांच्या आत संपलं. आठ माणसं, एक रंगवलेला पडदा, तबला आणि कीबोर्ड. नाटकाबद्दल तोंडावर स्पष्ट बोलायची आपल्याकडे सवय नाही. नाटक सुटल्यावर जिन्यावरच खरं काय ते ऐकू येतं. मी मुद्दाम सावकाश उतरले.

दाराशी त्या संचातली एक मुलगी मेकअप न उतरवताच उभी होती. माझी आत्या चौऱ्याऐंशीची. तिचा हात धरून मुलीनं विचारलं, “आजी, कसं वाटलं?” आत्या म्हणाली, “आटोपशीर झालं हो.” मुलीचा चेहरा फुलला, तिनं वाकून नमस्कार केला. गाडीत बसलो तर मागून माझा भाऊ म्हणाला, “आत्यानं बरोब्बर सुनावलं.” मी म्हटलं, अरे तिनं कौतुक केलं. आत्याला तोवर डुलकी लागली होती. तुकोगंज येईपर्यंत आम्ही दोघं भांडत होतो.

माझी बाजू अशी. ‘आटोप’ म्हणजे ताबा, आवर. ‘काम आटोपाबाहेर गेलं’ यातला तो आटोप. त्याला ‘शीर’ लागला की ‘ते ज्यात आहे असं’: हवेशीर, कायदेशीर, पद्धतशीर, बेतशीर. तेव्हा आटोपशीर म्हणजे ज्याच्यावर ताबा राहिला आहे ते. भावाच्या कानात मात्र ‘आटोपणे’ हे क्रियापद वाजतं. ‘जेवणं आटोपली’, ‘आटोप लवकर’. त्याच्या मते आत्या म्हणाली, ‘आटोपलंत बाई एकदाचं.’

जिन्यावर बाकीचे शब्द ऐकले ते लिहून ठेवलेत: सुटसुटीत, त्रोटक, उरकलं, कापून टाकलं, क्रिस्प. एकच नाटक आणि पाच शब्द. ‘शारदा’चा पहिला प्रयोग १८९९ साली इथं इंदुरातच झाला, किर्लोस्कर नाटक मंडळीनं केला. माहेरी आलेल्या लेकीला दारातच ‘वाळलीस गं’ म्हणतात, तशी आमच्या लोकांची नजर या नाटकाकडे असते. म्हणून हे शब्द मला हलके वाटत नाहीत. कोणता शब्द काय सांगतो, यावर लिहा.

पायपेटी

ताई, मी त्याच प्रयोगाला होतो, डाव्या बाजूला चौथ्या रांगेत. इथल्या नाट्यसंगीताच्या बैठकांना पेटीची साथ करतो, म्हणून माझं लक्ष शब्दांपेक्षा सुरांकडे जास्त. पण ‘सुटसुटीत’ या शब्दाला माझी हरकत आहे.

सुटसुटीत म्हणजे गुंता नाही, अंगाला अडकत नाही. सुटसुटीत साडी, सुटसुटीत बिऱ्हाड. इथं काय झालं? जी पदं लोक बैठकीत गातात, कॅसेटवर ऐकत आलेत, ती ठेवली. जुन्या संगीत नाटकांत साक्या, दिंड्या असतात, त्या गोष्ट पुढे नेतात. पात्र एकमेकांशी गाण्यातून बोलतं. त्यांना ताना नाहीत, त्यावर टाळी येत नाही. कात्री लागते ती त्यांच्यावर. मग एका मोठ्या पदातून आपण थेट दुसऱ्या मोठ्या पदात येऊन पडतो. मणी ठेवले, दोरा काढला. मोकळे मणी हातात येतात हे खरं, पण त्याला सुटसुटीत माळ म्हणणार का? माझ्या मते ‘त्रोटक’ बरोबर. त्रुट् म्हणजे तुटणे.

कीबोर्डबद्दल तक्रार नाही. खरी पायपेटी, म्हणजे पायानं भाता चालवायचा ऑर्गन, बसमध्ये चढवायला चार माणसं लागतात आणि गावोगावच्या रस्त्यांनी तिचे सूर उतरतात. आवाज ऑर्गनचाच लावला होता. फक्त भाता भरताना जो श्वास ऐकू येतो तो नव्हता, आणि गाणारी मुलगी दोनदा त्या श्वासासाठी थांबल्यासारखी थांबली. तिला कोणीतरी जुन्या पेटीवर शिकवलंय. हे मला फार आवडलं.

सराफ्याजवळ

‘क्रिस्प’ मीच म्हणालो असेन! नमस्कार ताई, नमस्कार काका. मी तेवीस वर्षांचा. आमच्या घरात मराठी, बाहेर पाय टाकला की हिंदी. आजीबरोबर गेलो होतो. मला नाटक लांबलं असं एकदाही वाटलं नाही, आणि ते सांगायला मला मराठी शब्द येत नव्हता म्हणून क्रिस्प. आता ‘आटोपशीर’ मिळाला. ताईंचा अर्थ घेतला तर मला तोच म्हणायचा होता.

एक विचारायचंय. ‘अवघे पाऊणशे वयमान’ आलं तेव्हा पुढच्या चार रांगा खळखळून हसल्या आणि माझ्या रांगेतले आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो. पाऊणशे म्हणजे?

पायपेटी

पाऊण शंभर. पंचाहत्तर. म्हातारा काही इतका म्हातारा नाही हो, फक्त पंचाहत्तरचा आहे, अशी ती थट्टा आहे. तू हिंदीत ‘पौने दो सौ’ म्हणतोस ना, तोच हिशेब. पाऊणशे, सव्वाशे, दीडशे, अडीचशे. यातला पाऊणशेच बोलण्यातून गेला, बाकीचे राहिले. या एका ओळीमुळे ‘पाऊणशे वयमान’ हा मराठीत वाक्प्रचार होऊन बसला. म्हातारपणी लग्नाला उभा राहिलेल्या कुणाहीबद्दल आमच्या घरी तो वापरत.

सराफ्याजवळ

पौन सौ! अरे देवा. आजीला आत्ता सांगितलं, ती आता हसतेय, तीन दिवसांनी.

बडोदेकर

चर्चा वाचून राहवलं नाही. हाच संच बडोद्याला येऊन गेला, म्हणून तीन गोष्टी लिहितो.

पहिली, जाहिरातीतला ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द. उज्जीवन मेलेल्याचं होतं. ज्या नाटकाची पदं आमच्या गणेशोत्सवात दरवर्षी कोणी ना कोणी गातं, त्याला परत जिवंत कसलं करता? मराठी रंगभूमीकडे याच्यासाठी साधा आणि नेमका शब्द आहे: ‘नव्या संचात’. आणि कापलेल्या संहितेलाही शब्द आहे, ‘रंगावृत्ती’. ‘शारदा, दोन अंकी रंगावृत्ती, नव्या संचात’ एवढं छापलं असतं तर प्रेक्षक पाच अंकांची भूक घेऊन आलाच नसता. अर्धी नाराजी जाहिरातीनं ओढवून घेतलेली आहे, नाटकानं नाही.

दुसरी, ‘नेपथ्यच नव्हतं’ असं आमच्याकडे बरेच जण म्हणाले. संस्कृत नाटकांत नेपथ्य म्हणजे नटांची वेषभूषा, आणि ते सजतात ती पडद्यामागची जागा. ‘नेपथ्ये’ अशी सूचना येते तेव्हा आवाज आतून येत असतो. मराठीत तोच शब्द पडद्याच्या अलीकडे आला आणि रंगमंचावरच्या देखाव्याचा झाला. या संचानं देखावा जवळजवळ सोडून दिला, पण नऊवारी, पागोटी, उपरणी, दागिने नीट होते. म्हणजे जुन्या अर्थानं नेपथ्य होतं, नव्या अर्थानं नव्हतं. मला ती निवड पटली. रस्ता, महाल, जंगल असे रंगवलेले पडदे गुंडाळून गावोगाव नेणाऱ्यांच्याच परंपरेतलं हे आहे. फरक इतकाच की त्या मंडळ्या गावात मुक्काम करत, आठवडे काढत. आताचा संच दौऱ्यावर येतो, दोन प्रयोग करतो आणि रात्रीच बस सुटते.

तिसरी गोष्ट जरा बाजूची, पण शब्दाचीच आहे. आमच्याकडे प्रयोगाआधी निवेदनात सांगितलं गेलं की या नाटकाच्या नावावरून ‘शारदा कायदा’ आला. तसं नाही. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हरबिलास सारडा यांच्या नावानं ओळखला जातो. मराठी कानानं सारडाचं शारदा केलं, कारण जरठ-बाला विवाहाचं नाव काढलं की आपल्याला देवलांचं नाटकच आठवतं. चूक आहे, पण का झाली ते समजतं. बडोदे संस्थानात असा कायदा १९०४ सालीच झाला होता, नाटकानंतर पाच वर्षांनी.

(धागा सुरू करणारी)

बडोदेकर, ‘नव्या संचात’ अगदी मान्य. आजच वहीत लिहिलं.

पायपेटी काका, ‘त्रोटक’बद्दल थोडं. आज त्रोटक म्हटलं की अपुरं, तुटपुंजं. त्रोटक माहिती, त्रोटक उत्तर. पण संस्कृत नाट्यशास्त्रात त्रोटक हा नाटकाचाच एक प्रकार आहे, पाच, सात, आठ किंवा नऊ अंकांचा, ज्यात देव आणि माणसं दोन्ही असतात. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीया’ला त्रोटक म्हणतात. पाचांच्या खाली त्याचे अंक जातच नाहीत! शब्द एकच, तिथं एवढा भरलेला आणि इथं एवढा रिकामा. ‘आटोप’चंही तसंच आहे. संस्कृतात आटोप म्हणजे फुगणं, डौल. सापाचा फटाटोप, ढगांचा घटाटोप. मराठीत आवर. रूप सारखं दिसलं म्हणून नातं जोडायची घाई मी करणार नाही, पण दोन्ही शब्द शेजारी ठेवून बघायला मजा येते.

तुमचा दोऱ्याचा मुद्दा मात्र मनात राहिला. शारदेच्या आईचे प्रवेश इतके कमी झाले की ती बाई घरात आहे की नाही तेच कळेना. मी अर्थ सांभाळायला गेले आणि हे बोललेच नाही.

आणखी एक, वन्समोअर. ‘मूर्तिमंत भीती उभी’ संपलं आणि सगळीकडून वन्समोअर आला. मुलीनं विंगेकडे बघितलं, तिकडून कोणीतरी मान हलवली आणि तिनं फक्त ध्रुवपद पुन्हा म्हटलं. माझ्या पुढचे गृहस्थ म्हणाले, “वन्समोअर दिला नाही.” त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “घेतला की!” दोघं काय वेगळं बोलत होते?

पायपेटी

ताई, हा प्रश्न आमच्या घरातला. आम्ही साथीदार नेहमी ‘तिनं वन्समोअर घेतला’ म्हणतो. टाळी घेतली, हशा घेतला, तसा वन्समोअर घेतला. देणारे प्रेक्षक. ओरडून मागणी करतात ते, पण मराठीत ते काही मागत नाहीत, देतात. गायचं पुन्हा आहे गाणाऱ्याला, तरी त्याच्या पदरात काही पडलं असंच आपण बोलतो. त्या बाईंचा वापर जुना आणि बरोबर. ‘दिला नाही’ म्हणणारे गृहस्थ शब्दाचा इंग्रजी अर्थ धरून बोलत होते: पुन्हा म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही.

बडोदेकर

आणि गंमत अशी की अशा वेळी इंग्रज प्रेक्षक ‘आँकोर’ असा फ्रेंच शब्द ओरडतात, फ्रेंच प्रेक्षक ‘बिस’ म्हणतात, आणि इंग्रजी शब्द ओरडतो तो मराठी प्रेक्षक. तो आपल्याकडे पुल्लिंगी नाम झाला, त्याला ‘पडणे’ लागलं. तीन वन्समोअर पडले. आता तो आपलाच.

पण काका, नुसतं ध्रुवपद म्हटलं तर वन्समोअर घेतला म्हणायचं का?

पायपेटी

माझ्या मते नाही. प्रेक्षकांनी दिला, तिनं ओंजळ पुढे केली आणि अर्धा सांडू दिला. दोष तिचा नाही. विंगेतून मान हलली ती घड्याळाकडे बघून. रात्रीची बस, सभागृहाची वेळ, सगळं मला कळतं. तरी एक पद पूर्ण पुन्हा व्हायला पाच मिनिटं लागतात, आणि त्या पाच मिनिटांसाठीच लोक संगीत नाटकाला येतात. अंक कमी करा, माणसं कमी करा, पडदे कमी करा. वन्समोअरची जागा मात्र हिशेबात धरूनच रंगावृत्ती करा. हे मी त्या संचाच्या प्रमुखांना प्रयोगानंतर सांगितलं. ते ऐकून घेत होते, वही काढली होती.

सराफ्याजवळ

काका, मला तर माहीतच नव्हतं की खरंच पुन्हा गातात. मला वाटलं ‘वन्समोअर’ म्हणजे ‘वाहवा’सारखंच काहीतरी. मी पण ओरडलो आणि ती परत गायला लागली तेव्हा दचकलो.

(धागा सुरू करणारी)

आज दुपारी आत्याकडे गेले. तिला सगळं वाचून दाखवलं, पाऊणशेची गोष्ट तिनं दोनदा ऐकली. मग विचारलं, “आत्या, आटोपशीर म्हणालीस ते चांगलं म्हणून की वाईट म्हणून?”

ती म्हणाली, “अगं, प्रवासाला निघताना डबा भरतो ना आपण? आमटी नाही, ताक नाही, सांडेल असं काही नाही. दशम्या, चटणी, कोरडी भाजी. घट्ट झाकण बसतं. त्याला आटोपशीर म्हणतात. ती पोरं प्रवासात आहेत, त्यांनी डबा छान भरला. मी काही त्याला वाढलेलं ताट म्हणाले नाही.”

म्हणजे भावाचं चूक आणि माझंही अर्धंच. शब्दकोशात ‘ताबा’ सापडला, पण काय मागे ठेवून ताबा मिळवला हे आत्याच्या शब्दात होतं आणि ते मला ऐकू आलं नव्हतं.

उठताना तिनं विचारलं, तो मुलगा कुठला, पाऊणशेवाला? सराफ्याजवळचा म्हटलं. “त्याला घेऊन ये एकदा. आईचे प्रवेश मला सगळे येतात, म्हणून दाखवते.” तर सराफ्याजवळ, रविवारी सकाळी वेळ आहे का? पोहे आमच्याकडे. पायपेटी काका, तुम्हीही या, पेटी घेऊन.

सराफ्याजवळ

येतो ताई. जलेबी मी आणतो. आजीला घेऊन येऊ का?