मदत हवी आहे: १९८७ चे टॉप्स बेसबॉल कार्ड, साधं की टिफनी (चकचकीत खास आवृत्ती)?

मंडळी, न्यू जर्सीत शेजारच्या आजोबांच्या गराज सेलमध्ये बेसबॉल कार्डांचा एक खोका मिळाला, बहुतेक १९८७ चे टॉप्स या अमेरिकन कंपनीचे. मला क्रिकेटच्या पलीकडे काही कळत नाही पण त्या लाकडासारख्या बॉर्डरच्या प्रेमातच पडलोय, वरती डाव्या कोपऱ्यात टीमचा लोगो, खाली रंगीत पट्टीत नाव, बास! १९६२ च्या सेटलाही लाकडी बॉर्डर होती म्हणे, पण मला हीच भारी वाटते.

तर प्रश्न असा की बॅरी बाँड्स या बेसबॉलपटूची, म्हणजे सेटमधल्या ३२० नंबरची, दोन कार्डं निघाली. एकाची मागची बाजू मळकट करडी, दुसऱ्याची पांढरीशुभ्र आणि समोरून चकचकीत. हे दुसरं टिफनी असेल का? पण टिफनी तर पूर्ण सेटमध्येच विकायचे ना, मग एकटं इथे कसं आलं? ओ-पी-ची (टॉप्सची कॅनडातली आवृत्ती) नाहीये, मागे फ्रेंच मजकूर नाही. नुसत्या डोळ्यांनी खात्री करायची काही ट्रिक आहे का?

आणि एका कार्डाला पाकिटातल्या च्युइंगमचा डाग आहे, तो काढू की राहू दे? बायको म्हणते खोडरबर मार, मला धीर होत नाही 😅