एलएलव्हीएमच्या मराठी बिल्ड-सूचना ताज्या कशा ठेवायच्या?

बर्डीवाला: राजेहो, एलएलव्हीएम (कंपायलर बनवायचा मुक्त प्रकल्प) सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, बिल्ड करायच्या सूचना मी मराठीत लिहितो, नागपुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी. बहुतेकांकडे ८ जीबी रॅम. कंपाइल होते बिचारं, लिंकिंगला (कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम करायला) आलं की मशीन गपगार. मे महिन्यात तर लॅपटॉपचा पंखा असा बोंबलते की विचारू नका. वरून दर नव्या आवृत्तीला पान शिळं. काय ठेवावं, काय काढावं?

धंतोलीकर: डिबग बिल्ड (चुका शोधायची जास्तीची माहिती असलेलं, म्हणून जड) करत असतील. बिल्ड टाइप रिलीज ठेवा. टार्गेट फक्त होस्ट, म्हणजे आपल्याच मशीनचा प्रोसेसर, नाहीतर आर्म, रिस्क-फाइव्ह अशा सगळ्या प्रोसेसरांचे बॅकएंड (त्यांच्यासाठी कोड काढणारे भाग) बनत बसतात. पॅरलल लिंक जॉब्स १ करा, म्हणजे एका वेळी एकच लिंकिंग. हा पर्याय निन्जा या बिल्ड चालवणाऱ्या साधनासोबतच लागू होतो, मेक या साध्या साधनावर नाही. हे ठळक लिहा, कारण पोरगा फ्लॅग दिला म्हणून निश्चिंत असतो. लिंकर (जोडणी करणारा प्रोग्राम) एलएलव्हीएमचाच एलएलडी असेल तर मेमरीही कमी लागते.

रात्रपाळी: कमांड पानावर हाताने लिहूच नका. एका स्क्रिप्टमध्ये ठेवा, ती कोऱ्या कंटेनरमध्ये (मशीनवरच्या वेगळ्या, स्वच्छ वातावरणात) आपोआप चालवा, पानात तीच फाइल ओढा. सीमेकची (बिल्डची तयारी करणाऱ्या साधनाची) किमान आवृत्ती कॉपी करू नका, मूळ दस्तऐवजाची लिंक द्या.

बर्डीवाला: स्क्रिप्टचं पटलं भाऊ. लिंकचं नाही, इंग्रजी पान पाहिलं की पोरं मलाच फोन करतात. आवृत्ती ठेवतो, पण कशावर तपासलं ते वर लिहितो. निन्जाचं आजच टाकतो. जीसीसीचं (दुसऱ्या मुक्त कंपायलरचं) पान कोणी घेता का? तिथे वेगळ्या बिल्ड फोल्डरऐवजी सोर्स फोल्डरमध्येच कॉन्फिगर चालवणारे लई आहेत.