आपल्या पक्षाच्या माणसाचा हिशेब आधी कोणी मागायचा?

तापीकाठ, चोपडा

गेल्या आठवड्यात आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतच दोन मेहुणे भिडले. विषय एकच, कोणता पक्ष जास्त खातो. ताटातली वरणबट्टी गार झाली, भाजीवरची तर्री थिजली, तरी दोघं मागे हटेनात. शेवटी आत्याने हाताला धरून एकेकाला उठवलं.

भांडले याचं मला वाईट वाटलं नाही. २०१६ साली हेच दोघं याच विषयावर भांडले होते आणि तेव्हा दोघांच्या तोंडी बरोबर उलटी वाक्यं होती, याचं वाटलं. जून २०१६ मध्ये भोसरीच्या जमीन व्यवहाराच्या आरोपावरून एकनाथराव खडसेंनी महसूलमंत्रिपद सोडलं. थोरला भाजपवाला म्हणायचा, ‘नाथाभाऊंना गोवलंय.’ धाकटा राष्ट्रवादीवाला म्हणायचा, ‘आत टाका.’ ऑक्टोबर २०२० मध्ये नाथाभाऊ राष्ट्रवादीत गेले. आता धाकटा ‘गोवलंय’ म्हणतो आणि थोरला ‘आत टाका’ म्हणतो. जमीन तीच, कागद तेच. चौकशीचंही तसंच झालं. २०१८ साली लाचलुचपत विभागाने प्रकरण बंद करायचा अहवाल दिला, २०२२ साली तपास पुन्हा उघडला. खरं काय ते कोर्ट ठरवेल. पण माझ्या घरातल्या दोघांनी कागद न वाचता दोनदा निकाल दिला, तोही दोनदा वेगळा.

जळगावचं घरकुल प्रकरण तर आपल्या दारातलं. गरिबांसाठी ११ हजारांवर घरं बांधायची होती, झाली थोडीच. २००६ साली तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी धरलं. सुरेशदादा जैन यांना सात वर्षं आणि शंभर कोटी दंड, गुलाबराव देवकरांना पाच वर्षं. पुढे अपिलं हायकोर्टात गेली. अटक झाली तेव्हा एक शिवसेनेचे आमदार, दुसरे राष्ट्रवादीचे मंत्री. खटला एकच.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपल्या पक्षाचा माणूस अडकला की पहिला प्रश्न आपणच विचारायचा. मी कळायला लागल्यापासून एकाच चिन्हाला मत देतोय, तेव्हा हे आधी मला लागू. पटत नसेल तर सांगा.

भुसावळकर

दादा, पटत नाही. सगळे एका माळेचे मणी म्हटलं की खरा चोर निवांत झोपतो. सिंचनावर खर्चलेले ७० हजार कोटी कोणाच्या काळातले? २०१२ च्या आर्थिक पाहणीने दहा वर्षांत सिंचन क्षेत्र ०.१ टक्का वाढल्याचं दाखवलं. तुमच्या शेजारी अमळनेर तालुक्यात पाडळसेचं धरण बघून या. पंचवीस वर्षं उलटली, नदीत नुसते खांब. आज माझ्या वडिलांच्या खात्यात किसान योजनेचे वर्षाला ६ हजार थेट येतात, मधे कोणाचा हात नाही. हा फरक मी डोळ्यांनी बघतो. तो नाकारायला सांगू नका.

पारोळ्याचा वकील

भुसावळकर, थेट खात्यात पैसे येतात हे खरं आहे, त्याचं श्रेय द्या. पण सिंचनाचं पुढे काय झालं तेही सांगा. बैलगाडीभर पुरावे घेऊन सिंचनाची चौकशी करणाऱ्या चितळे समितीकडे कोण गेलं होतं? तुमचाच पक्ष. २७ जून २०२३ ला भोपाळच्या सभेत पंतप्रधानांनी राष्ट्रवादीवर ७० हजार कोटींच्या घोटाळ्याचा आरोप केला. २ जुलैला अजितदादांनी तुमच्याच सरकारात उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मधे पाच दिवस. त्या पाच दिवसांत पाडळसेला एक पाटी तरी सिमेंट पडलं का?

आणि तापीकाठ, तुमच्याशीही माझं भांडण आहे. ‘आधी आपला हिशेब’ ऐकायला चांगलं वाटतं, पण तपास यंत्रणा ज्याच्या हातात आहे त्याची जबाबदारी जास्तच. २०१८ साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात १७अ कलम घातलं. पदावरच्या माणसाने घेतलेल्या निर्णयाची चौकशी सुरू करायला आधी सरकारची परवानगी लागते. म्हणजे फाईल उघडायची की नाही हे सत्तेत बसलेला ठरवतो. आज सत्तेत कोण आहे, त्याला दुप्पट विचारा. उद्या माझा पक्ष बसला की मला दुप्पट विचारा.

भुसावळकर

वकीलसाहेब, ते पाच दिवस मलाही बोचले. आमच्या चौकात मी हे बोललो तर चार जणांनी माझ्याशी बोलणं सोडलं. पण म्हणून काँग्रेसवाल्यांनी आम्हाला शिकवू नये. मुंबईच्या आदर्श सोसायटी घोटाळ्याचं काय?

पारोळ्याचा वकील

आदर्शवरून अशोक चव्हाणांनी २०१० साली मुख्यमंत्रिपद सोडलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते भाजपमध्ये आले. आता आदर्श कोणाच्या खात्यात मांडू, तुम्हीच सांगा. पक्षांना देणगी द्यायचे निवडणूक रोखेही बघा. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केले, नंतर आकडे बाहेर आले. भाजपला ६ हजार कोटींवर, तृणमूलला १६०० कोटींवर, काँग्रेसला १४०० कोटींवर. हात सगळ्यांचे ओले, पण एकाचा कोपरापर्यंत. तो फरक मी सोडणार नाही.

नंदुरबारचा मास्तर

तुम्ही सगळे जळगाव-मुंबई करताय, आमच्याकडे या. २००४ ते २००९ या काळात आदिवासी विकास विभागाच्या योजनांत दुभती जनावरं, तेलपंप, गॅस शेगड्या वाटायच्या होत्या. गैरव्यवहाराच्या तक्रारी हायकोर्टात गेल्या, न्यायमूर्ती गायकवाड समिती नेमली गेली, २०१७ मध्ये समितीने गैरव्यवहारांवर बोट ठेवणारा भलामोठा अहवाल दिला. त्या काळात खातं राष्ट्रवादीच्या विजयकुमार गावितांकडे होतं. २०१४ मध्ये ते भाजपमध्ये गेले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा आदिवासी विकासमंत्री झाले. दोष कोणाचा किती ते कोर्टाने ठरवावं. पण अहवाल ज्या खात्याचा, तेच खातं परत द्यायला कोणाला संकोच वाटू नये?

मी अक्कलकुवा तालुक्यात एकोणीस वर्षं शिकवतोय. वर्गातल्या मुलाला ‘तुमच्याकडे म्हैस आली होती का’ विचारलं तर तो घरी विचारून येतो आणि सांगतो, ‘गुरुजी, कागदावर आली होती.’ त्या बापाला पक्ष माहीत नाही, अंगठा कुठे उठवला तेवढं माहीत आहे. त्याच्यासाठी कोणता पक्ष वाईट, हे मला शिकवा.

धरणगावची आक्का

माझं लांबलचक नाही. आमच्या गावात घरकुल मंजूर झालं, सरकारचे १ लाख २० हजार, हप्त्याहप्त्याने. पायाचं काम झालं की फोटो काढून मोबाईलवर चढवावा लागतो, मग पुढचा हप्ता. फोटो काढायला येणारा माणूस म्हणाला, ‘ताई, पाच हजार, वरपर्यंत द्यावे लागतात.’ मी म्हटलं, पावसाळा तोंडावर आहे, पत्रे उघडे आहेत. तो म्हणाला, ‘मग फोटो दिवाळीनंतर.’ नवऱ्याने कानातले गहाण टाकून दिले. तो माणूस मागच्या सरकारातही होता, आताही आहे. गावात दोन्ही पक्षांचे पुढारी आहेत, दोघांकडे गेले. दोघांनी एकच सांगितलं, ‘देऊन टाक, भांडू नको.’ मग तुम्ही वर कशाला भांडता?

पारोळ्याचा वकील

आक्का, बळजबरीने पैसे द्यावे लागले तर कायद्याने सात दिवसांत तक्रार करायची असते, तसं केलं तर देणाऱ्यावर गुन्हा येत नाही. मुदत गेली असेल तरी गप्प बसू नका. पुन्हा मागितले तर देण्याआधी लाचलुचपत विभागाच्या १०६४ नंबरला फोन करा. मी सोबत येतो, फी नको.

धुळेकर

आमच्या धुळ्याचंही सांगतो. मे २०२५ मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती आली होती. गुलमोहर विश्रामगृहाच्या १०२ नंबर खोलीतून १ कोटी ८४ लाख रोख निघाले. समितीत सगळ्या पक्षांचे आमदार असतात. सरकारी खर्च तपासायला आलेली समिती, आणि तिच्या मुक्कामी ही रोकड! त्या रात्री माजी आमदार अनिल गोटे खोलीबाहेर ठाण मांडून बसले म्हणून कुलूप तुटलं. ते कोणत्या पक्षात आहेत याच्याशी मला घेणं नाही, बसले हे महत्त्वाचं. भुसावळकर, तुमच्या पक्षातला असा एक तरी माणूस स्वतःच्या सरकारच्या खोलीबाहेर बसलेला दाखवा.

भुसावळकर

दाखवता येत नाही. पण वकीलसाहेबांच्या पक्षातलाही दाखवता येणार नाही. तोपर्यंत मी माझं मत बदलणार नाही, कारण माझ्या वडिलांचे ६ हजार खरे आहेत. आक्कांचे पाच हजारही खरे आहेत, ते मी मानतो. धरणगाव लांब नाही. तक्रार द्यायला वकील येणार असतील तर मीही येतो, पक्षाचं उपरणं घरी ठेवून.

तापीकाठ, चोपडा

वकीलसाहेब, सत्तेतल्याला दुप्पट विचारायचं हे मान्य. माझ्या मांडणीत ते राहून गेलं होतं. आमच्या गावच्या सिमेंट रस्त्याला एका पावसात भेगा पडल्या. ठेकेदार माझ्याच पक्षाचा, माझ्याच भावकीतला. त्या कामाचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची नक्कल मिळावी म्हणून काल माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, दहा रुपयांचं तिकीट लावून. संध्याकाळी काका घरी आले. म्हणाले, ‘अर्ज मागे घे, लोक काय म्हणतील?’ मी घेतलेला नाही. नक्कल आली की इथेच टाकतो.